पंजाचा कागद

"अजून फक्त दीड मिलिमीटर," तपासनीस म्हणाला. "एवढं तासून द्या, बाकी काही मागत नाही."

गिटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी त्याची गिटार मांडीवर आडवी घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि दांडीच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"साहेब, हिच्या आत लोखंडी सळई असते. तारांचा ताण तीच झेलते. दीड मिलिमीटर तासलं तर सळई बाहेर येऊन तुम्हाला नमस्कार करेल."

"मग एक तासा."

"पाऊणही नाही. आधीच ही पोरीसोरींच्या हाताची दांडी आहे. याहून बारीक हवी असेल तर तुम्ही बासरी घ्या."

तपासनीस हसला नाही. एरवी तो मिस्त्रींच्या विनोदांना मोठ्याने हसणारा माणूस. पण त्या दिवशी मंगळवार होता, शनिवारी कार्यक्रम होता, अकरा गाणी होती, आणि अकरापैकी एकही गाणं त्याच्या हातून धड वाजत नव्हतं. शनिवारीही असंच झालं तर आपल्याला पुन्हा कुणी स्टेजवर उभं करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बरोबर वाजवणारे दोस्त तोंडावर बोलणार नाहीत. पुढच्या वेळी सांगायचं विसरतील, एवढंच.

हा माणूस वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत सव्वीस वर्षं नोकरीला होता. दुकानदारांनी काटे आणायचे, याने ते पितळी वजनांनी पारखायचे, खरे असतील तर शिक्का, खोटे असतील तर बाद. स्वभावही तसाच झालेला. घरात चहाची साखरसुद्धा हा चमचा सपाट करून घालायचा. या सगळ्या काटेकोरपणात एकच लाड होता, बेस गिटार. चार जाड तारांची, खालचा सूर धरणारी. ती वाजते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, थांबली की मात्र सगळ्यांना गाणं पोकळ वाटतं. याचे दोस्त त्याला खर्ज्या म्हणायचे, आणि त्या नावावर तो जाम खूश होता.

पहिला बेस त्याने मिस्त्रींकडूनच घेतला होता, चौदा वर्षांपूर्वी. काळपट लाल, चार किलो सहाशे दहा ग्रॅम. दुसऱ्याच दिवशी कचेरीतल्या काट्यावर ठेवून पाहिला होता, म्हणून वजन पाठ. मिस्त्रींनी त्याची दांडी याच्या हाताला बेतून दिली होती, शिंपी सदरा बेतून देतो तशी. बारा-साडेबारा वर्षं सुखात गेली. मग दीड वर्षापूर्वी याची डावी करंगळी तारेवरून घसरायला लागली. सूर दाबला की फरफर व्हायची आणि मरून जायचा.

दांडी जाड आहे, असं याने ठरवलं. आणि एकदा असं ठरवलं की मग काय, जगातल्या सगळ्या दांड्या जाडच दिसायला लागतात. लाल बेस त्याने एका परक्या माणसाला विकून टाकला. जेवताना बायकोला म्हणाला, "बरं झालं, खांदा सुटला." मग न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून रडला.

दुसरा बेस आणला तो अरुंद दांडीचा. महिनाभर कौतुक झालं, मग पुन्हा फरफर. तिसरा वजनाला हलका होता, तारा मऊ. तोही गेला. चौथा हा, आज मिस्त्रींच्या मांडीवर असलेला. याच्या तारांची लांबी चौतीस इंचांऐवजी तीस. दिसायला अगदी खेळण्यातला. मिस्त्रींच्या मालाला आपण पाठ दाखवली या शरमेने नंतरचे तिन्ही बेस त्याने जाहिराती बघून बाहेरून घेतले होते. दर खेपेला लोकांना सांगायचा, "आधीच्यापेक्षा वरचढ आहे हा." आणि त्याच्याकडे वहीच होती तशी. वजन, दांडीची रुंदी, जाडी, तारेचं माप, आणि शेवटच्या रकान्यात सुराचा टिकाव, सेकंदांत. जाडी उतरत गेली होती. टिकावही उतरत गेला होता. अकरा, सात, पाच, तीन.

ती वही त्याने मिस्त्रींसमोर धरली. "बघा ना. लाकूडच वाईट आहे. सूर धरतच नाही."

मिस्त्रींनी वही वाचली. मग बेस नीट मांडीवर घेऊन दांडीवरच्या तिसऱ्या पडद्यावर जाड तार करंगळीने दाबली आणि उजव्या बोटाने छेडली. सूर निघाला आणि राहिला. टेबलावरच्या डबीतले खिळे बारीक वाजले. तपासनिसाचे डोळे सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे गेले. बारा सेकंद.

"तुमच्या हाताला सवय आहे," तो म्हणाला.

"असेल." मिस्त्रींनी बेस बाजूला ठेवला. "डावा हात आणा इकडे. घाबरू नका, भविष्य सांगत नाही."

मिस्त्रींची एक रीत होती. नवं गिऱ्हाईक आलं की त्याचा डावा पंजा खाकी कागदावर पूर्ण ताणून ठेवायला लावायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, खाली तारीख घालायची, आणि त्या पंजावरून दांडी किती ठेवायची ते ठरवायचं. सगळे कागद एका चपट्या पत्र्याच्या पेटीत. त्या पेटीत गावातल्या गिटार वाजवणाऱ्या सगळ्यांचे हात एकमेकांवर निजलेले असायचे.

त्यांनी नवा कागद पसरला. तपासनिसाने पंजा ठेवला. अंगठा ताणला गेला, पहिली दोन बोटंही गेली. अनामिका आणि करंगळी मात्र कागदाला टेकेचनात. दोन्ही अर्धवट मुडपून उभी राहिली.

"ताणा."

"ताणलाय की."

मिस्त्रींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पेन्सिल फिरवली. पेटीतून जुना कागद काढला, दोन्ही एकावर एक घेतले आणि खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात रेषा दिसल्या. अंगठ्यावर अंगठा बसला. पहिल्या बोटावर पहिलं बोट बसलं. पुढे रेषांची फारकत होत गेली, आणि करंगळीपाशी नवी रेघ जुन्या रेघेच्या चांगली दोन बोटं आत संपली होती.

"कागद हलला असेल," तपासनीस म्हणाला.

"हलला असता तर अंगठाही हलला असता."

तपासनिसाने हात मागे घेतला. "चौदा वर्षं झाली. वय होतं माणसाचं."

"माझं तुमच्याहून वीस वर्षांनी जास्त झालंय," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "दाखवा कुणाला तरी. लाकडाचं नाही हे."

"मी दांडी तासायला आलो होतो. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

असं तो मिस्त्रींशी कधीच बोलला नव्हता. दोन्ही कागदांची सुरळी करून मिस्त्रींनी ती बेसच्या पिशवीच्या कप्प्यात सरकवली आणि दार उघडून धरलं.

कचेरीत परत आल्यावर तो सरळ आतल्या खोलीत गेला. प्रमाण वजनं तिथे काचेच्या पेटीत असतात. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. कोपऱ्यात एका वाण्याचा तबकडीचा काटा पडला होता. कालच त्याने तो पारखून खरा ठरवला होता. त्याने दाराला कडी घातली.

आधी उजवी करंगळी पारड्यावर ठेवून जीव खाऊन दाबली. काटा दोन किलो तीनशेवर गेला. मग डावी ठेवली.

साडेतीनशे ग्रॅम.

त्याला वाटलं, उभं राहण्यात चूक झाली. खुर्ची ओढून बसला आणि पुन्हा दाबली. तीनशे चाळीस. नियमाप्रमाणे तीन वेळा बघायचं असतं. तिसऱ्या खेपेला दात आवळले, कपाळावर घाम आला, आणि काटा तीनशे तीसवर थरथरत राहिला. हा काटा खरा आहे असं त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं होतं. आता पळायला जागा नव्हती.

किती मूर्ख असावं माणसाने! दीड वर्षं याने चार गिटारी मोजल्या, उभ्या-आडव्या मोजल्या. हात मोजावा असं एकदाही मनात आलं नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा त्याने आता खिडकीशी नेऊन पाहिली. पूर्वी तिथे फुगीर मांस असायचं. आता खळगा होता. तो खळगा त्याने रोज दाढी करताना पाहिला होता आणि आपण जरा वाळलो, असं समजून सोडून दिला होता.

मग एकेक गोष्ट मागे जाऊन आठवायला लागली. गेले कित्येक दिवस बायको त्याच्या उजव्या बाहीचं बटण लावून देत होती. उजव्या बाहीचं बटण डाव्या हातानेच लावावं लागतं. ती प्रेमाने लावते, असं समजून हा मनात सुखावत होता. तालमीत चहाचा पेला हल्ली सगळे त्याच्या उजव्या हातात द्यायचे. आणि गाणं सुरू असताना करंगळीचा सूर मेला तरी खाली काहीतरी घुमत राहायचं. आपल्याच बेसचा पडसाद असेल, असं त्याला वाटायचं.

लबाड दुकानदार काट्याचं एक पारडं हलकं असलं की त्याच्या तळाला तारेचा तुकडा बांधतात. पासंग म्हणतात त्याला. वरून बघणाऱ्याला काटा सरळ दिसतो. सव्वीस वर्षं तो असले पासंग नखाने उपटून काढत आला होता, आणि इथे त्याच्या घरच्यांनी, दोस्तांनी मिळून त्यालाच पासंग बांधून सरळ उभं केलं होतं. त्याला कुणाचा राग आला नाही. भीती वाटली, इतकी की तो पारड्यावर हात तसाच ठेवून पाचपर्यंत बसून राहिला.

संध्याकाळी बायको कपडे घड्या करत होती. त्याने शर्टाची उजवी बाही पुढे केली.

"कधीपासून लावतेस हे बटण?"

तिचे हात थांबले. "मागच्या हिवाळ्यापासून."

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जीव लावून गिटारी बघत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, एखादी सापडेल."

ती खरंच तसं समजून होती. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याला एकदम रडू फुटलं. या वेळी त्याने नळबीळ काही सोडला नाही.

बुधवारी सकाळी डॉक्टरने कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली. करंगळीपर्यंत मुंग्या गेल्या.

"डावं कोपर टेकवून बसायची सवय आहे का?"

"काटा डोळ्यांच्या रेषेत यावा लागतो. दगडी टेबल आहे. त्यावर कोपर टेकून वाकावं लागतं."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

"तिथे शीर दबली आहे. ऑपरेशन करून मोकळी करू. उरलंय ते वाचेल. गेलंय ते परत येईल, असं मी सांगत नाही."

"थोडंसं?"

डॉक्टर चांगला माणूस असावा. त्याने खोटं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तालीम होती. जागा नेहमीचीच, ढोल वाजवणाऱ्या टायरवाल्याच्या दुकानामागची खोली, चारी बाजूंनी टायरींच्या थप्प्या. कीबोर्डवर एका दवाखान्यातला कंपाउंडर, आणि गाणारी शाळेतली बाई. चौदा वर्षं हीच चौघं. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा तपासनिसाने मान वर केली.

"कंपाउंडर, डावा हात उचल."

"कशाला?"

"उचल म्हणतो ना. फक्त उजव्याने वाजव."

कंपाउंडरने टायरवाल्याकडे पाहिलं. टायरवाल्याने ढोलाच्या काठ्यांकडे पाहिलं. मग पुन्हा सुरुवात झाली, आणि कंपाउंडरच्या डाव्या हाताने आजवर झाकलेलं पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं. सूर, सूर, मग खड्डा. पुन्हा एक सूर, पुढे फरफर, पुन्हा खड्डा. बाई चाचरली. ढोल एकटाच चार ठोके पुढे जाऊन थांबला.

"तो बेसच टुकार आहे रे," टायरवाला घाईघाईने म्हणाला. "लाकूड नाहीच ते. माझ्या ओळखीत एक जण आहे, त्याच्याकडे..."

"पुरे," तपासनीस म्हणाला. "किती दिवस झाले?"

शेवटी कंपाउंडर म्हणाला, "आठ महिने. तुझा हात बघूनच मला कळलं होतं. दवाखान्यात बघतो मी असे हात. जीभच रेटली नाही, खर्ज्या. रोज म्हणायचो, उद्या सांगू."

"शनिवारी तू उभा राहाच," टायरवाला म्हणाला. "हा खालून सांभाळून घेईल. फार तर गिटारला स्पीकरची वायर लावू नकोस. लांबून कुणाला कळतंय? तू नुसता उभा असलास तरी आम्हाला बरं वाटतं."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तपासनिसाचा चेहरा असा झाला की बाईने नजर दुसरीकडे वळवली.

"नुसता उभा," तो म्हणाला. "अरे, सव्वीस वर्षं मी असले काटे बाद करतोय."

त्याने खांद्यावरचा पट्टा काढला. चौदा वर्षांत त्याने कधी बायकोबरोबरचा सिनेमा चुकवला असेल, लग्नकार्यं चुकवली असतील, पण बुधवार चुकवला नव्हता. आता पुढच्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता आपण काय करणार, हे त्याला खरोखर सुचेना. पिशवीची चेन एका हाताने उघडता येईना. तो खाली वाकला, गुडघ्याने पिशवी दाबून धरली, आणि बेस आत सारताना उजव्या हाताचं बोट सर्वांत जाड तारेला लागलं.

वायर अजून लागलेलीच होती. मोकळी तार वाजली. कुठेही न दाबलेली, डाव्या हाताची गरजच नसलेली. तो सूर खोलीभर घुमला, टायरींच्या थप्प्यांत शिरला, आणि तिथेच राहिला. गुडघ्यावर बसल्या जागी त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा, बारा, तेरा. तेराव्या सेकंदाला तो हळूच विझला. वहीतल्या शेवटच्या रकान्यात एवढा आकडा कधीच आला नव्हता.

"मोकळ्या तारा चार आहेत," तो म्हणाला. कुणाला काही समजलं नाही, आणि त्याने समजावलंही नाही.

गुरुवार आणि शुक्रवार त्याने रजा टाकली. पिशवीतला जुना खाकी कागद काढला, पालथा केला आणि त्यावर अकरा गाणी लिहून काढली, ठोक्यांसकट. प्रत्येक गाण्यात मोकळ्या तारांचे ते चार सूर कुठे येतात तेवढ्याच जागी फुली मारली. सगळ्या गाण्यांत मिळून एकशे बारा जागा निघाल्या. बाकीचे सूर कंपाउंडरचे. तसं त्याने त्याला स्पष्ट सांगितलं, आणि उघड वाजव, लपून नाही, हेही सांगितलं. कंपाउंडर बरं म्हणाला.

शनिवारी निघताना त्याने स्वतः बटण लावून पाहिलं. दोनदा निसटलं. मग त्याने उजवं मनगट बायकोपुढे धरलं, आणि तिने ते लावलं. दोघांपैकी कुणीही दुसरीकडे बघायचं नाटक केलं नाही.

हॉल भरला होता. लोक नाचत होते. तो नेहमीच्या जागी उभा होता, ढोलाच्या डावीकडे, गळ्यात तो तीस इंची बेस. पुढ्यातल्या स्टँडवर खाकी कागद चिमटा लावून ठेवलेला, फुल्यांची बाजू त्याच्याकडे. मागच्या दिव्याचा उजेड कागदातून आरपार जात होता, त्यामुळे समोर नाचणाऱ्यांना त्यावर एक मोठा, पूर्ण ताणलेला पंजा दिसत होता. ते काय आहे ते कुणाला कळलं नाही.

तिसऱ्या गाण्यात एक तरुण जोडपं नाचत स्टेजजवळ आलं. मुलगी त्याच्याकडे बघून मुलाला म्हणाली, "तो बघ. एक हात खिशात घालून वाजवतोय. काय रुबाब आहे."

त्याला ते ऐकू आलं. पुढची फुली सोळा ठोक्यांनंतर होती. डावा हात खिशात ठेवून तो मोजत उभा राहिला. चौदा, पंधरा, सोळा. आणि त्याने तार छेडली.